अंबिका राऊळ यांनी न रडता केलेला प्रवेश

वाचकहो, पुढील मजकुरात मी एका स्त्रीच्या अभिनयाचा वृत्तांत आपणासमोर ठेवणार आहे. ज्या चित्रपटात तो अभिनय आहे तो भविष्यकाळाचा असून त्यातले जग अत्यंत निर्दय आहे. वृत्तांत मात्र परळचा आहे, आणि जसा घडला तसाच मी तो सांगेन. त्यात माझ्या मुखातून घडलेला एक अपराधही येईल. तो मी झाकून ठेवणार नाही, कारण तो वगळला तर ह्या स्त्रीने काय केले याची किंमत वाचकास कळणार नाही.

प्रथम माझा परिचय. लालबागच्या आमच्या सातेरी नाट्य मंडळात मी एकतीस वर्षे प्रॉम्प्टर होतो. प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत नाटकाची वही घेऊन बसणारा इसम. नट अडखळला की पुढचे वाक्य त्याच्या कानी पोहोचावे आणि पहिल्या रांगेच्या कानी पोहोचू नये, इतक्या मापाच्या आवाजात ते सोडायचे, हे त्याचे काम. आमचे नट गिरणीतून पाळी संपवून थेट तोंडाला रंग लावायला बसत. पाठांतर कच्चे, डोळ्यांवर झोप. त्यामुळे आमच्या मंडळाचा एक नियम होता : नट तीन श्वास थांबला, म्हणजे तो विसरला. चौथ्या श्वासाला वाक्य गेलेच पाहिजे. हा नियम माझ्या हाडात मुरला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यापुढची जी काही भाषा माझ्यापाशी आहे ती मी त्या वह्यांतूनच उचलली आहे.

आता अंबिका राऊळ. ह्या माझे दिवंगत मित्र व मंडळाचे खलनायक दाजी राऊळ यांच्या पत्नी. आज त्यांचे वय त्रेसष्ट. मी त्यांना वहिनी म्हणतो, त्या मला भावजी म्हणतात. आमच्या मंडळात स्त्रीपात्रे बाहेरून बोलावण्याची पद्धत होती, कारण चाळीतल्या बाईने रंगमंचावर उभे राहणे कोणाच्याच घरी खपत नसे. वहिनींची खोली तालमीच्या खोलीला लागून. भिंत पातळ. अकरा वर्षे त्यांनी चहाबरोबर सगळी नाटके त्या भिंतीतून ऐकली. एका स्पर्धेच्या दिवशी गिरगावातून येणारी अभिनेत्री आजारी पडली. वहिनींनी हात पुसले आणि म्हणाल्या, "माका येता सगळा. लुगडा तेवढा कोणाचा तरी बरा द्या." त्या दिवसापासून त्या मंडळाच्या नायिका झाल्या. एवढ्या वर्षांत त्यांना माझ्याकडून एकही वाक्य घ्यावे लागले नाही.

गेल्या वर्षी मार्च महिन्यात अनिश नावाचा एक तरुण दिग्दर्शक आमच्या चाळीत आला. राहणारा दादरचा, वागणूक नम्र, पहिलाच चित्रपट. त्याला गर्दीसाठी चाळीस माणसे हवी होती आणि जुन्या नाटकवाल्यांकडे कोणीतरी त्याला धाडले होते. ती माणसे जमवण्याचे काम मी घेतले. चित्रपटाचे नाव 'नोंद'. काळ आजपासून सत्तर वर्षांनंतरचा. मुंबईभोवती समुद्राला उंच भिंत आहे आणि शहरावर एका मंडळाचा अंमल आहे. त्या मंडळाच्या यंत्रात ज्याची नोंद असेल तोच माणूस. कोणी विरोधात गेला की त्याची नोंद पुसतात, आणि मग त्याच्या घरच्यांना खिडकीवर बोलावतात. तिथे आईने स्वतःच्या तोंडाने म्हणायचे, "मला मुलगा नाही. कधी नव्हता." ते यंत्रात उमटले की अंगठा द्यायचा. मग तिच्या गल्लीचे तोडलेले पाणी पुन्हा सोडतात. नाही म्हटले तर सगळी गल्ली तहानेने मरणार.

अनिशने आम्हाला ही कथा चाळीच्या गच्चीवर सांगितली. मंडळातले आमचे तात्या म्हणाले, "सत्तर वर्षांनी कशाला, पाण्याचं आत्ताच विचार की."

आईचे काम छोटे, एकाच प्रवेशाचे. परंतु सगळा चित्रपट त्या प्रवेशावर उभा होता. अनिशने गर्दीतल्या बायकांकडून ते वाक्य सहज म्हणून घेतले. वहिनींचा नंबर आला. त्यांनी ते म्हटले आणि अनिशने हातातला मोबाईल खाली ठेवला. "काकू, हे काम तुम्ही करायचं," तो म्हणाला.

अडचण दुसऱ्या दिवशीच्या तालमीत आली. कागदावर लिहिले होते : आई वाक्य म्हणते, आक्रोश करीत खिडकीवर कोसळते, पहारेकरी तिला ओढून नेतात. वहिनींनी कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"भावजी, ह्या बाईक रडाक कोणी लावल्यान?"

"लेखकाने," मी म्हटले.

"तो कधी खिडकीर उभो रवलोसा दिसत नाय," त्या म्हणाल्या. "ज्या खिडकीपुढे मी रडलंय, त्या खिडकीत माझा काम कधी झाला नाय. रेशनची खिडकी बघलंय, हॉस्पिटलची बघलंय, घराच्या फॉर्माची बघलंय. रडणाऱ्या बाईक ते सांगतत, आजी, जरा बाजूक बसा. बाजूक बसली, की ती संपली. ही बाय गल्लीचा पाणी घेवक इली हा. ती रडूची नाय. ती थयच उभी रवतली."

अनिशला हे पटले. परंतु चित्रपटाच्या खर्चाचा व वेळेचा कारभार मेघना मॅडम पाहत. वय पस्तीसच्या आसपास, मराठीच, वागण्यात चोख. आईच्या भूमिकेसाठी त्यांनी मालिकांमधली एक प्रसिद्ध अभिनेत्री आधीच विचारून ठेवली होती. त्यांनी वहिनींना समोर बसवून घेतले.

"आजी, प्रेक्षकाला रडू यायला हवं ना? तुम्हीच रडला नाहीत तर तो कसा रडणार?"

"त्याला यायचं तर येऊ दे. त्याच्या वाटणीचं मी कशाला रडू?" वहिनी म्हणाल्या. बाहेरच्या माणसाशी त्या मालवणी बोलत नाहीत. "आणि आजी नको म्हणूस गं. मी काय तुला चिऊकाऊची गोष्ट सांगायला नाही आले. अंबिकाबाई म्हण."

मेघना मॅडम हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. त्यांनी निर्णय दिला. परळच्या त्या बंद गिरणीच्या गोदामात चित्रण करण्याची परवानगी एकाच दिवसाची, सायंकाळी सहापर्यंतची. एक टेक अंबिकाबाईंच्या मनाप्रमाणे होईल. तो जमला तर उत्तम. न जमल्यास लगेच लिहिल्याप्रमाणे, रडून. आणि तेही नको असेल, तर सोमवारी स्टुडिओत खिडकी उभी करून ती दुसरी अभिनेत्री हा प्रवेश करील. अंबिका राऊळ यांचा चेहरा मग चित्रपटात कुठेही दिसणार नाही.

"चालेल," वहिनी म्हणाल्या.

आता खिडकीच्या आतील माणसाविषयी सांगतो. तो कारकून. त्याचे काम रघुवीर नावाचा नट करीत होता. दादरच्या प्रायोगिक नाटकांतला, पारितोषिके मिळवलेला, बोलणे किंचित वरचढ. पहिल्याच भेटीत त्याने वहिनींना समजावले, "काकू, कॅमेरा हातभर अंतरावर असतो. बाल्कनीपर्यंत आवाज पोचवायची गरज नाही."

"आमच्या बाल्कनीत माझी सासू बसायची," वहिनी म्हणाल्या. "तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी पहिल्यापासून हळूच बोलते."

चित्रणाच्या दिवशी आम्ही गोदामात शिरलो. जिथे एकेकाळी कापडाचे तागे रचले जात, तिथे करड्या पत्र्याची भिंत उभी केली होती आणि भिंतीत एकच खिडकी, टपालाच्या पेटीएवढी, तिला वर-खाली सरकणारे झाकण. आम्हा सर्वांच्या अंगावर करडे अंगरखे, छातीवर आकडा. त्या अंगरख्याला पुढे बटण नव्हते; पाठीमागे तीन नाड्या, त्याही दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथे स्वतःचा हात पोहोचत नाही. ड्रेसमन निलेश म्हणाला की ही अनिशसरांची कल्पना आहे : त्या राज्यात माणसाला आपले कपडेही आपण काढता येत नाहीत, शेजाऱ्याने सोडवावे लागतात. आमच्या चाळीतल्या शांता परब म्हणाल्या, "म्हणजे शेजाऱ्याशी भांडण झालं की आंघोळ बंद."

मला माणसे आणणारा म्हणून खिडकीच्या अगदी बाजूला, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, एका खोक्यावर बसवले होते. हातात सवयीने वही होती. कोणी ती मागितली नव्हती. कोणी ती काढूनही घेतली नाही.

पाच वाजता टेक सुरू झाला.

वहिनी रांगेतून पुढे आल्या. त्यांच्या चालण्यात म्हातारपणाचा अभिनय नव्हता. गुडघा दुखणारी बाई लोकांसमोर तो दुखत नसल्याचे दाखवत चालते, तशा त्या चालल्या. खिडकीसमोर उभ्या राहिल्या. रघुवीरने आतून, मान वर न करता विचारले, "मुलाचं नाव?" त्यांनी नाव सांगितले. ते नाव त्यांनी असे उच्चारले की जणू जेवायला हाक मारत आहेत. रघुवीरची लेखणी थांबली. कागदावर तसे काही लिहिलेले नव्हते. मग तो म्हणाला, "बोला."

आणि वहिनी थांबल्या.

वाचकहो, मी रंगमंचावर अनेक विराम पाहिले आहेत. हा तसा नव्हता. त्यांचा चेहरा स्थिर होता. डोळे कोरडे होते. परंतु त्यांच्या गळ्याशी काहीतरी वर येत होते आणि त्या ते दर वेळी गिळत होत्या, आणि गिळताना खिडकीतल्या माणसावरून नजर काढत नव्हत्या. मागची चाळीस माणसे आपण नट आहोत हे विसरली. एक श्वास गेला. दुसरा गेला. तिसरा गेला.

चौथ्या श्वासाला माझ्या तोंडातून निघाले, "मला मुलगा नाही."

मापातच निघाले. पहिल्या रांगेला ऐकू गेले नसते. परंतु तिथे पहिली रांग नव्हती. वर बांबूला माईक लटकत होता, आणि त्याने ते स्वच्छ उचलले. साउंडवाल्याने कानावरचे यंत्र काढून माझ्याकडे पाहिले. अनिशने "कट" म्हटले, तेही उशिरा, एखाद्याला गाढ झोपेतून उठवावे लागावे तसे.

मी उभा राहिलो. वही खाली पडली. मला माफी मागावयाची होती, परंतु एकतीस वर्षे इतरांची वाक्ये सांगणाऱ्या माणसाला स्वतःचे एक वाक्य सुचेना.

वहिनी वळल्या. "भावजी, मी कधी विसरलंय तुमच्यापुढे?"

"नाही, वहिनी."

"मग आजच कसा वाटला तुमका?"

मी खाली पडलेली वही उचलली. त्या पुढे म्हणाल्या, "माझ्या पोटात होता ता तुम्ही भायर काढलात. आता परत भरूक वेळ लागतलो." त्यांनी पदर शोधला, अंगरख्याला पदर नव्हता, हाताने तोंड पुसले.

मेघना मॅडम मॉनिटरमागून आल्या. आवाज शांत होता. "ठरल्याप्रमाणे तुमचा टेक झाला, अंबिकाबाई. आता लिहिल्याप्रमाणे करू. पाच वाजून गेलेत. ग्लिसरीन आणा."

"आमचा टेक झाला नाही," अनिश म्हणाला. "काका मध्ये बोलले. त्यात काकूंची चूक नाही."

"चूक कुणाची हे मी विचारतच नाहीये. कॅमेरा हलवायला, लाइट उतरवायला अर्धा तास लागतो. सहाला गेट बंद. माझ्याकडे एका टेकचा वेळ आहे, आणि तो मी पुन्हा तुमच्या प्रयोगावर घालवणार नाही."

एक मुलगी ग्लिसरीनची बाटली व कापूस घेऊन आली. वहिनींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाटलीचे झाकण घट्ट लावून तिच्याच हातात परत दिले.

"मी रडणार नाही," त्या म्हणाल्या. "परत करते. जसं केलं तसंच करते. त्यापेक्षा बरं करते. पण रडून नाही."

"मग सोमवारी स्टुडिओत," मेघना मॅडम म्हणाल्या. "सॉरी. पॅकअप."

हा शब्द उच्चारला गेला की चित्रपटवाले दोरीने ओढल्यासारखे कामाला लागतात. वायरी गुंडाळल्या जाऊ लागल्या. निलेशने गोणी उघडली आणि टाळ्या वाजवल्या. "चला मंडळी, अंगरखे काढा, मोजून द्यायचेत. गाडी लागलीय."

कोणी हलले नाही.

हे कोणी ठरवलेले नव्हते. मी शपथेवर सांगतो, कोणी कोणाला खूण केली नाही. निलेशने शांता परब यांना सांगितले, "मावशी, चला."

"गाठ सुटत नाही रे माझी."

"शेजारणीला सांगा सोडायला."

"शेजारणीशी बोलणं नाही माझं."

शेजारीण म्हणजे त्यांची सख्खी जाऊ. ती म्हणाली, "गणपतीपासून नाही."

निलेश तात्यांकडे गेला. तात्यांनी दोन्ही हात वर केले. "निलेशा, आत गंजीसुद्धा नाही माझ्या. एवढ्या बायकांसमोर काढू? काढतो, तू सांगशील तर. पण मग त्यांची जबाबदारी तुझी."

मागे कोणी हसले, मग सगळे हसले, आणि मग हसणे थांबले. चाळीस माणसे करड्या अंगरख्यात, छातीवर आकडे लावून, खिडकीसमोर रांगेत होती तशीच उभी राहिली. काम संपले होते, कॅमेरा बंद होता, आणि तरीही ती रांग मोडेना. ह्या क्षणी मला तो चित्रपट कळला. जे राज्य आम्ही खोटे खोटे उभे केले होते, त्याच्यासमोर माणसाने काय करावयाचे असते, ते ही माणसे कोणी न सांगता करीत होती. त्यांचे हत्यार एकच होते : पाठीवरच्या नाड्या.

मेघना मॅडम माझ्याकडे आल्या. "काका, तुम्ही आणलंत यांना. तुम्हीच सांगा. एवढे सगळे कपडे भाड्याचे आहेत, ते घेतल्याशिवाय गाडी निघू शकत नाही."

मला भय वाटत होते. त्या दिवशीचा सर्वात मोठा अपराधी मीच होतो, आणि अपराध्याने तोंड उघडू नये हे मला कळत होते. परंतु वाक्य आपोआप आले, आणि ह्या वेळी ते माझे होते.

"मॅडम, मी प्रॉम्प्टर आहे. जो आपलं वाक्य विसरला त्याला मी सांगतो. ह्यांना आपलं वाक्य पाठ आहे."

मॅडम खिडकीकडे वळल्या. "रघुवीर, तू तरी बाहेर ये."

खिडकीतून रघुवीरचा आवाज आला. "मी कारकून आहे. समोर रांग उभी असताना खिडकी कशी सोडू?"

"रघुवीर."

"मेघना, खरं सांगू? त्या मघाशी थांबल्या, तेव्हा मला माझं पुढचं वाक्य आठवेना. बारा वर्षांत असं झालेलं नाही. मला परत एकदा त्यांच्यासमोर बसायचंय. तू सोमवारी कुणालाही आण. मी त्या खिडकीत नसेन."

अनिश इतका वेळ हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते की पहिला चित्रपट हातून जातो की काय, याचा हिशेब त्याच्या मनात चालू आहे. त्याने घड्याळ पाहिले. "पाच अठरा," तो म्हणाला. "लाइट लावा. एक टेक. सामान मी स्वतः उचलून गेटाबाहेर नेईन."

तात्या म्हणाले, "आम्ही चाळीस जण आहोत, बाळा. सामानाचं काय घेऊन बसलास?"

मेघना मॅडमनी हातातली वही मिटली. "पाच पन्नासला मी स्वतः दिवे बंद करीन," एवढेच त्या म्हणाल्या आणि मॉनिटरमागे जाऊन बसल्या.

मी गोदामाबाहेर जाण्यास निघालो. वहिनींनी हाक मारली. "खंय चाललात?"

"बाहेर थांबतो. पुन्हा चूक नको."

"तुम्ही नसल्यार माझी नजर खिडकीतसून भायर जातली, तुमका शोधूक. बसा थयच. आणि वही बंद करा."

मी वही बंद केली, तिच्यावर बसलो, आणि उजव्या हाताची मूठ तोंडात घातली.

दुसरा टेक पहिल्यासारखा झाला नाही. पहिल्यात दुःख होते. दुसऱ्यात वहिनी खिडकीपाशी आल्या तेव्हा त्यांच्यापाशी दुसरेच काही होते. जी बाई एकदा परत पाठवली गेली आहे आणि पुन्हा आली आहे, तिचा थंडपणा. "मुलाचं नाव?" त्यांनी सांगितले. "बोला." त्या थांबल्या.

तीन श्वास गेले. चौथा गेला. माझ्या मुठीवर दात रुतले. आठ गेले. वहिनी त्या माणसाकडे नुसत्या पाहत होत्या. त्यांच्या पाहण्यात विनवणी नव्हती, शाप नव्हता. लहान मुलाने चोरून काही खाल्ले आणि ते त्यानेच कबूल करावे म्हणून आई जशी न बोलता उभी राहते, तशी ती नजर होती. मी मोजलेले सांगतो, एकवीस श्वास झाले. मग त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मला मुलगा नाही." आणि थोड्या वेळाने, पत्ता सांगावा तसे, "कधी नव्हता." यंत्राचा दिवा हिरवा झाला. त्यांनी अंगठा दिला.

लिहिल्याप्रमाणे आता कारकुनाने "पुढचा" म्हणावयाचे होते. रघुवीरने तोंड उघडले. शब्द आला नाही. त्याने शिक्का उचलला आणि तो कागदावर मारता येईना. हात अधांतरी राहिला. तो वहिनींकडे पाहू लागला, आणि त्याचा तो पारितोषिके मिळवलेला चेहरा हळूहळू एका सामान्य, घाबरलेल्या, नोकरी करणाऱ्या माणसाचा झाला. हा अभिनय होता की नव्हता, हे मी त्याला नंतर विचारले. त्यालाही सांगता आले नाही. त्याचा शब्द मला ठाऊक होता. तो मी दिला नाही, आणि मूठ तोंडात होती म्हणून नव्हे. तो त्याला सापडू नये असेच मला वाटत होते.

शेवटी वहिनींनी आपला हात पुढे केला आणि खिडकीचे झाकण, बाहेरून, स्वतः खाली ओढले. हे कागदावर नव्हते. मग त्या वळून रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. पहारेकऱ्याचे काम करणारे दोघे त्यांना ओढण्यासाठी पुढे झाले होते. ते वाट सोडून बाजूला सरले.

अनिशने "कट" म्हटले तेव्हा पाच अडतीस झाले होते. टाळी कोणी वाजवली नाही. शांता परब जावेकडे पाठ करून म्हणाल्या, "सोड गं नाड्या." पाच पंचावन्नला गोदाम रिकामे होते. दिव्यांच्या जड पेट्या आमच्या म्हाताऱ्यांनीच उचलल्या.

वृत्तांत येथे संपता तर बरे झाले असते. परंतु चार महिन्यांनी वहिनींना दादरच्या एका ध्वनी स्टुडिओत बोलावणे आले. मी सोबत गेलो. काचेपलीकडे मेघना मॅडम आणि अनिश होते. अनिशची मान खाली होती.

"अंबिकाबाई, प्रवेश फार सुंदर झालाय," मेघना मॅडम यंत्रातून बोलल्या. "आम्ही तसाच ठेवलाय. फक्त ते थांबणं फार लांबतं. ज्यांना दाखवला त्यातले काही जण चुळबुळ करत होते. तिथे एक हुंदका हवाय. छोटासा. आतल्या आत. चेहरा तोच राहील."

वहिनींनी मान डोलावली. समोरच्या पडद्यावर त्यांचा स्वतःचा चेहरा आला, भिंतीएवढा. स्वतःला इतके मोठे त्यांनी प्रथमच पाहिले. तांबडा दिवा लागला. पडद्यावरच्या वहिनी थांबल्या, आणि माईकपुढच्या वहिनीही थांबल्या. सगळा विराम गेला. वाक्य आले. दिवा विझला.

"तुम्ही दिला नाहीत," मेघना मॅडम म्हणाल्या.

"दिला की."

"आम्हाला काही ऐकू आलं नाही."

"बाई तिथे जेवढी रडली, तेवढाच दिलाय."

मग मेघना मॅडम म्हणाल्या, "हे बघा, हुंदका कोणाचाही चालतो. दुसऱ्या आर्टिस्टचा लावता येतो आम्हाला."

"लाव. मग तोंडपण तिचंच लाव." वहिनींचा आवाज चढला नव्हता. "माझ्या तोंडातून दुसरीचं रडणं निघालं, तर जिथे हा पिक्चर लागेल तिथे मी तिकीट काढून जाईन, आणि त्या जागी उठून उभी राहीन. रोज. तेव्हा लोकांनी कुठल्या अंबिकाबाईकडे बघायचं ते लोक ठरवतील. नाहीतर मला काढून टाक. तो स्टुडिओतला सोमवार अजून आहे तुझ्याकडे. मला वाईट वाटेल, पण चालेल. रडलेली नाही चालणार."

अनिशने मान वर केली. त्याने मेघना मॅडमच्या पुढचा माईक आपल्याकडे ओढला. "हुंदका नको," तो म्हणाला. "काकू, तुम्ही घरी जा. मी हे इथे लढतो."

तो पुढे काय लढला ते मला ठाऊक नाही. तीन आठवडे आम्हाला काहीच कळले नाही. वहिनींनी ह्या काळात एकदाही विचारणा केली नाही. चकलीचे पीठ दळून आणले आणि दिवाळीची कामे घेतली.

चित्रपट नोव्हेंबरात प्रदर्शित झाला. पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला आम्ही एकूण सव्वीस जण गेलो. तो प्रवेश आला. माझ्यापुढच्या रांगेतला एक तरुण मोबाईल पाहत होता. विराम सुरू झाला आणि थोड्या वेळाने त्याने मान वर करून पाहिले की यंत्र बंद पडले की काय. मग त्याने मोबाईल ठेवला. मी श्वास मोजले. एकवीस. एकही कापलेला नव्हता, आणि त्यांत कोणाचाही हुंदका नव्हता. झाकण ओढले गेले तेव्हा तो तरुण "च्यायला" एवढेच म्हणाला.

काही जाणकारांनी पुढे लिहिले की चित्रपटाची गती मंद आहे. रघुवीरच्या कामाची पुष्कळ स्तुती झाली, ती योग्यच होती. एका ठिकाणी असेही छापून आले की आईच्या भूमिकेतील वृद्धेचा चेहरा कोरडा वाटतो, भावना पोहोचत नाही. मी ते वहिनींना वाचून दाखवले. त्यांनी तळणीतली चकली उलटली आणि म्हणाल्या, "कोरडो म्हणान लिवल्यान? मगे बरोबर बघल्यान."

माझेही ते छापणाऱ्या जाणकारास तेवढेच सांगणे आहे. तो चेहरा कोरडा आहे. तो कोरडा राहावा म्हणून चाळीस माणसे उभी राहिली होती. ज्यांना त्यावर पाणी हवे असेल त्यांनी ते आपल्या घरून आणावे.

इतका मजकूर आपण शेवटपर्यंत वाचलात, त्यात कुठे शब्द जड झाले असतील तर ते सोसलेत, त्याबद्दल प्रत्येक वाचकाचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

गुणाजी विठू घाडी
लालबाग, मुंबई